एकाच हिवतापाच्या दोन गोळ्या

वेल्हे तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी रक्त तपासायचं काम करते. राहायला भोरला आहे. सकाळी स्कूटर कापूरहोळला एका गॅरेजपाशी लावायची आणि तिथून मिळेल त्या गाडीनं पुढं जायचं, असं गेली बरीच वर्षं चाललंय. दिवसभरात साखर, हिमोग्लोबिन, थुंकी, आणि ताप असेल तर हिवतापाची काच. बोटातला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. बहुतेक काचा कोऱ्याच निघतात. एखादी निघालीच, तर साध्या जातीच्या हिवतापाची निघते. दुसरी एक जात असते, फाल्सिपेरम नावाची. ती अंगावर काढली तर डोक्यात जाते आणि माणूस बेशुद्ध पडतो. प्रशिक्षणात ती मी डोळे दुखेपर्यंत पाहिली होती, पण आमच्या भागातल्या माणसाच्या रक्तात कधी पाहिली नव्हती.

अलीकडच्याच एका नवरात्रात चौथ्या माळेला वरच्या वस्तीवरून तिघं जण आले. पस्तिशीचा एक माणूस, त्याची बायको आणि त्याची आई. घर गुराढोरांचं, शेळ्यांचं. पण हा मुलगा जेसीबी चालवायला शिकला होता आणि राज्याच्या पार पूर्वेकडच्या जंगलातल्या एका रस्त्याच्या कामावर गेला होता. बायकोही बरोबर गेली. तिथं त्याचा आणि बरोबरच्या चार-पाच जणांचा स्वयंपाक ती करायची. घरी घट बसतात म्हणून दोघं नवरात्राला गावी आले, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरला. तिसऱ्या दिवशी तिलाही. वस्तीवरून चालत खाली यायला दोघांना सकाळचे दोन तास लागले होते. म्हातारी मागून काठी टेकत आली होती, पण तिघांत तीच ताठ दिसत होती.

दोघांच्या बोटाला सुई टोचली. झटपट चाचणीच्या पट्टीवर दोघांच्याही नको ती रेघ उमटली. मी काचा रंगवल्या आणि बसले. आधी त्याची. तांबड्या पेशींत बारीक बारीक अंगठ्या दिसत होत्या, काही पेशींत तर दोन-दोन. मग तिची काच लावली. तेच. मी त्याची काच पुन्हा लावून बघितली. रोग मोठा म्हणून नव्हे, तर आपण चुकतोय की काय, या भीतीनं. इतक्या वर्षांत समोर न आलेली गोष्ट एकदम दोन काचांवर दिसली की माणूस आधी स्वतःच्या डोळ्यांवरच संशय घेतो. मी डॉक्टरांना बोलावलं. ते वयानं माझ्याहून बरेच लहान, पण शिक्षण झाल्यावर त्याच पूर्वेकडच्या भागात काम करून आलेले. त्यांनी डोळा लावला, काच जरा इकडं-तिकडं सरकवली आणि म्हणाले की तुम्ही बरोबर वाचलंय. तिथं आम्ही रोज हेच बघायचो.

मला एकदम हलकं वाटलं. मग लगेच लाज वाटली, कारण बाहेर बाकावर ते दोघं कुडकुडत होते.

या जातीच्या हिवतापाला आता एकट्या औषधानं भागत नाही, दोन औषधं जोडून द्यावी लागतात. एक औषध झपाट्यानं जंतू मारतं, पण दिवसाभरात अंगातून निघून जातं. दुसरं हळू चालतं, पण रेंगाळतं आणि उरलेसुरले जंतू मारतं. आमच्याकडं त्याचं तयार पाकीट असतं. पहिल्या दिवशी तीन गोळ्या, पुढचे दोन दिवस एकेक. त्या पहिल्या तिनांत एक गोळी झपाट्यानं मारणाऱ्या औषधाची आणि दोन रेंगाळणाऱ्या. त्या दोन गोळ्यांत सल्फा असतं.

डॉक्टरांनी दोघांना तपासलं. शुद्ध चांगली होती, कावीळ नव्हती, दोघं पाणी पीत होते. बायकोची गरोदरपणाची चाचणी करून घेतली, ती गरोदर नव्हती. त्यानं बिस्किटं खाल्ली आणि तीन गोळ्या माझ्यासमोर घेतल्या. मग मी तिच्या हातावर गोळ्या ठेवायला गेले. तेव्हा तिच्या मनगटावरचा काळपट डाग मला दिसला. रुपयाएवढा, गोल. ओठांच्या कडेलाही तसाच एक होता. भाजल्याचा वाटला नाही. मी गोळ्या परत पाकिटात ठेवल्या आणि विचारलं, कधी कुठल्या गोळीनं अंगावर काही उठलं होतं का. तिनं सासूकडं पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

मान हलली, पण नजर सासूवरून हटली नव्हती. मी म्हटलं, अजून एक थेंब लागेल, आत या. दार ओढून घेतलं. तिला स्टुलावर बसवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

ती म्हणाली, "मॅडम, आत्याबाईंना ठाव न्हाई. लग्नात कुणी सांगितलंच न्हाई."

तिचं माहेर आंबवड्याजवळ. लग्नाच्या वर्षभर आधी लघवीला जळजळ झाली म्हणून कुणीतरी गोळ्या दिल्या. दोन दिवसांत तोंड आलं, ओठ सोलले, अंगाची साल निघायला लागली. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात ती महिनाभर होती. डोळे वाचले हेच नशीब, असं तिथले डॉक्टर म्हणाले होते म्हणे. बरी झाली, डाग राहिले. पुढं स्थळ आलं तेव्हा घरच्यांनी ठरवलं, हे बोलायचं नाही. गोळीचं नाव तिला माहीत नव्हतं. पांढरी होती, एवढंच आठवत होतं.

पांढऱ्या गोळ्या शेकड्यांनी असतात. मी तिच्याच मोबाईलवरून तिच्या वडिलांना फोन लावला. आधी ते घाबरले, मग विचारायला लागले की सासरी कळलंय का. मी म्हटलं, अजून नाही, पण मला त्या वेळचा कागद हवाय, असेल तसा. कागद त्यांनी जपून ठेवला होता. अर्ध्या तासात शेजारच्या कुणाकडून तरी फोटो काढून पाठवला. घडीवर फाटलेला, एका कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलेलं. खाली तांबड्या शाईत लिहिलं होतं की या रुग्णाला सल्फाचं कुठलंही औषध पुन्हा कधीही देऊ नये.

मी फोटो डॉक्टरांपुढं धरला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग टेबलावरचं ते पाकीट उचललं, माझ्याकडं बघितलं आणि कपाटात ठेवून दिलं. 

मग प्रश्न आला, आता द्यायचं काय. झपाट्यानं मारणारं औषध त्याच घराण्यातलं, पण रेंगाळणारा जोडीदार निराळा, अशी दुसरी जोडगोळी असते. तिच्यात सल्फा नाही. पण ती तीन दिवसांत सहा वेळा घ्यावी लागते, आणि उपाशीपोटी किंवा कोरड्या भाकरीवर घेतली तर अंगात नीट उतरत नाही. बरोबर दूध, तूप, तेल असं स्निग्ध काहीतरी पोटात जावं लागतं. आमच्या कपाटात ती नव्हती. डॉक्टरांनी जिल्ह्याला फोन केला. उद्या पाठवतो म्हणाले. पण एक अख्खा दिवस थांबायची डॉक्टरांची तयारी नव्हती. मी भोरला नवऱ्याला फोन केला. तो कचेरीत कारकून आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला आणि म्हटलं, हे औषध शोध, जेवढं असेल तेवढं घे आणि तूच घेऊन ये. त्यानं कशाला, कुणाला, काही विचारलं नाही. पहिल्या दुकानात नव्हतं. दुसऱ्यात दोन पट्ट्या होत्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो मोटरसायकलवर निघाला आणि एकच्या सुमाराला हेल्मेट न काढताच दारात उभा राहिला.

तोपर्यंत मी एक वेगळीच काळजी लावून घेतली होती. तिचे नवरात्राचे उपास होते, आणि या गोळीला तर तेलातुपाचं जेवण हवं. मी डॉक्टरांना तसं म्हटलं. ते उपास सोडायला सांगणार होते. तेवढ्यात म्हातारी म्हणाली की उपासाला दूध चालतं, शेंगदाण्याचं कूट चालतं, शिंगाड्याची लापशी तुपात चालते, आणि म्हशीचं दूध घरचंच आहे. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो. आमच्याकडच्या उपासाइतकं स्निग्ध जेवण एरवी कुणाच्या ताटात असतं? समोरच्या हॉटेलातून साय आलेलं दूध मागवलं, त्याबरोबर तिनं पहिली गोळी घेतली.

वीस मिनिटांनी तिला उलटी झाली. गोळीही बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाच्या आत आहे, पूर्ण गोळी पुन्हा द्यायची. पट्टीत मोजून सहाच गोळ्या होत्या, म्हणजे शेवटची एक कमी पडणार. दुसरी पट्टी हाताशी होती म्हणून मला घाम फुटला नाही. नवरा अजून बाहेरच उभा होता. त्याला हे सांगितलं, तर तो फक्त म्हणाला की दुकानदार एकच देणार होता. या वेळी तिच्या पोटात दूध टिकलं. तासभर बसवून ठेवलं आणि गाडीनं वस्तीच्या पायथ्यापर्यंत सोडायची सोय केली.

निघताना म्हातारीनं मला बाजूला घेतलं.

"ताप दोघांचा एकच म्हणता, मग गोळ्या दोन कशापायी? माझ्या लेकाला एक आन् सुनंला दुसरी?"

सुनेला मी शब्द दिला होता की तिचं गुपित मी सांगणार नाही. म्हणून मी अर्धंच उत्तर दिलं. म्हटलं, मावशी, दोन्ही गोळ्या सारख्याच ताकदीच्या आहेत, पण प्रत्येकाच्या अंगाला मानवतं ते वेगळं असतं. तिनं ऐकून घेतलं. पटलेलं दिसलं नाही.

आमच्या भागातल्या आरोग्यसेवकाची बदली झाली होती आणि जागा रिकामी होती, म्हणून दुसऱ्या दिवशी वस्तीवर मीच गेले. दोघांनाही त्या दिवशी आणखी एक औषध एकदाच द्यायचं होतं, म्हणजे डास चावला तरी त्यांच्यातून पुढं रोग जाऊ नये. शिवाय घरातल्या सगळ्यांच्या काचा घ्यायच्या होत्या. चढ मोठा होता, गवत कमरेपर्यंत वाढलं होतं. घराशी पोचले तेव्हा तो ओट्यावर बसून रेडकाला गोंजारत होता. ताप उतरलेला, चेहरा उजळलेला. ती आत गोधडीत होती. अंगाला हात लावला तर चटका बसला.

आधी तिच्या गोळ्या मोजल्या. रात्रीची आणि सकाळची, दोन्ही वेळच्या घेतल्या होत्या, दुधाबरोबर. मग त्याचं पाकीट मागितलं. दुसऱ्या दिवसाचा कप्पा रिकामा होता. मी विचारलं, घेतली का. तो म्हणाला, न्हाई, आईनं काढून ठेवलीय.

म्हातारी चुलीपाशी होती. तिनं लपवाछपवी केली नाही. पदराची गाठ सोडली आणि गोळी माझ्यापुढं धरली. सरळ बोलली. लेकाचा ताप एका रात्रीत उतरला, सुनेचा हटत नाही. म्हणजे लेकाची गोळी भारी. तो बरा झालाच आहे, तर ही सुनेला द्यावी, असं तिच्या मनात होतं. लापशी शिजली की देणार होती.

 मी मनात भराभर हिशेब केला. सल्फाच्या दोन्ही गोळ्या त्यानं काल माझ्यासमोर गिळल्या होत्या. गाठीतली गोळी तिच्या जिवावर उठणारी नव्हती. पण त्याचा डोस बुडाला असता, आणि अर्धवट मेलेला हिवताप पुन्हा उठला असता. आणि मुख्य म्हणजे, उद्या कधी तशाच पाकिटातल्या पहिल्या दिवसाच्या गोळ्या या घरात कुणी तिला प्रेमानंच दिल्या असत्या तर? म्हातारी काही वाईट वागली नव्हती. लेकाच्या वाटणीचं काढून ती सुनेला देत होती. मला तिच्यावर रागावता येईना, आणि गप्पही राहता येईना.

मी आत जाऊन सुनेजवळ बसले. म्हटलं, तू सांगतेस का. मी नाही सांगणार, पण हे घरात कुणाला तरी माहीत असायला हवं. तिनं तोंडावरची गोधडी सारली. मग तिनं सासूला हाक मारली.

तिनं सगळं सांगितलं, आंबवड्यापासून. सांगताना कुठं थांबली नाही. ओठ सोलल्याचं, घोटभर पाणीही गिळता येत नव्हतं त्याचं, आईवडिलांनी गप्प राहायला सांगितल्याचं. नवरा दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं डागाबद्दल लग्नानंतर एकदा विचारलं होतं, आणि तिनं दूध उतू जाऊन भाजलं असं सांगितलं होतं. तो खाली मान घालून ऐकत होता.

 मला वाटलं, आता म्हातारी फसवलं म्हणून बोलणार. ती उठली, हातातली गोळी तिनं लेकाच्या तळव्यावर ठेवली आणि त्यानं पाणी पिईपर्यंत तिथंच उभी राहिली. मग सुनेच्या उशाशी येऊन बसली.

"इतकी वर्सं हे एकलीनं घेऊन फिरलीस व्हय गं? मला सांगायचं व्हतंस. म्या काय माघारी धाडली असती तुला?"

सून रडायला लागली. म्हातारीनं तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि मला विचारलं की त्या औषधाचं नाव काय, ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. मी लिहून दिलं.

त्या दिवशी दोघांच्या काचा घेतल्या, म्हातारीची, सुनेच्या दिराची आणि जावेची घेतली, आणि उतरून केंद्रात आले. घरच्या तिघांच्या काचा कोऱ्या निघाल्या. त्याच्या काचेत शोधून शोधून दोन-तीन अंगठ्या सापडल्या. तिच्या काचेत अजून बऱ्याच होत्या, कालच्यापेक्षा कमी. मी डॉक्टरांना विचारलं, म्हातारी म्हणते तसं तर नाही ना, ही जोडगोळी हलकी तर नाही? ते म्हणाले, त्यानं काल सकाळी औषध घेतलं, तिनं दुपारी, तेही एकदा उलटून. पळायला उशिरा निघालेल्या माणसाला इतक्यात मागं पडला म्हणू नका. दोन्ही जोड्या त्यांनी तिकडं वापरल्या होत्या. पहिल्या दिवसांत थोडं पुढंमागं होतं. खरा निकाल अठ्ठावीस दिवसांनी लागतो, ताप परत येतो की नाही त्यावर.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा चढले. या वेळी ती ओट्यावर बसली होती. केस विंचरलेले, हातात लापशीची वाटी. ताप नव्हता. गोळ्या वेळच्या वेळी गेल्या होत्या, कारण नवऱ्यानं मोबाईलवर गजर लावून ठेवला होता. काच घेतली, खाली आणली, शंभर जागा बघितल्या, मग उगाच आणखी पन्नास. एकही अंगठी नाही. त्याचीही कोरी. त्या संध्याकाळी कापूरहोळला स्कूटर काढताना गॅरेजवाला म्हणाला की आज ताई गाणं म्हणताय. मला पत्ताच नव्हता.

सातव्या दिवशी उलटंच झालं. तिची काच स्वच्छ, आणि त्याच्या काचेत चंद्रकोरीसारखे दोन जंतू. ज्याची गोळी भारी ठरली होती, त्याच्याच. मी पुन्हा डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, ही आजार करणारी अवस्था नाही, डासाची वाट बघत बसलेली आहे, आणि दुसऱ्या दिवशी दिलेल्या औषधानं तीही निकामी होत आलीय. माणूस बरा आहे ना? होता. वैरणीचे भारे उचलत होता. चौदाव्या दिवशी चंद्रकोरीही गेल्या होत्या. दरम्यान, तपासणीला जिल्ह्याला पाठवलेल्या माझ्या पहिल्या दोन काचांचा निकाल आला. दोन्ही बरोबर वाचल्या होत्या. तो कागद मी घरी नेऊन नवऱ्याला दाखवला. तो रोज जेवताना विचारायचा, ती बाई कशी आहे. अजून तिचा चेहराही त्यानं नीट पाहिला नव्हता.

अठ्ठाविसाव्या दिवशी दोघं आपण होऊन खाली आले, म्हातारीसह. दिवाळी होऊन गेली होती. त्याला सारोळ्याजवळ हायवेच्या कडेला जेसीबीचं काम मिळालं होतं, त्यामुळं जंगलातल्या कामावर परत जायचं नव्हतं. तिच्या गळ्यात प्लॅस्टिकमध्ये पक्कं करून घेतलेलं एक कार्ड होतं, मी लिहिलेल्या कागदाचं. म्हातारीनं ते नसरापूरला करवून घेतलं होतं. माहेरी फोन करून व्याह्यांनाही सुनावलं होतं, पण रागावून नाही, असं सून हसत म्हणाली.

मी काचा रंगवल्या. त्या वाळेपर्यंत ते तिघं बाकावर बसून होते. मी दोन्ही काचा बघितल्या, सावकाश, कुठलीही घाई न करता. मग बाहेर येऊन सांगितलं की दोघांचं रक्त स्वच्छ आहे.

म्हातारी म्हणाली, "म्हंजी दोन्ही गोळ्या चांगल्या."

"दोन्ही चांगल्या, मावशी. ज्याला जी चालते ती."

तिनं मान डोलावली आणि विचारलं की आता आणखी काय तपासायचं राहिलंय. मी म्हटलं, काही नाही. ती लगेच उठली, शेळ्या एकट्या आहेत म्हणाली, आणि तिघं निघाले. दुपारचे तीन वाजले होते. मला सकाळपासून खाण्याचं भानच नव्हतं. हात धुतले, डबा उघडला आणि गार झालेली भाकरी आणि मेथीची भाजी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.